साउंडचं इंजिन म्हणून घेतलं, आत स्पीकरच नव्हता

घरच्या रुळांवर मॉडेल रेल्वेची व्हिडिओ मालिका करणाऱ्यांना जुनं, वापरलेलं इंजिन घ्यायचा मोह होतोच. दर भागाला नवं इंजिन दाखवायचं तर नवं कोरं किती घेणार? म्हणून हा प्रकार सविस्तर लिहितो आहोत. खेदाची बाब अशी की, विक्रेत्याने वापरलेल्या सगळ्या युक्त्या आपण एडिटिंगला बसल्यावर रोज वापरतो.

जाहिरात एचओ स्केलच्या, म्हणजे १:८७ च्या डिझेल इंजिनाची होती. 'डीसीसी साउंड, अतिशय हळू आणि गुळगुळीत धावते' असं लिहिलेलं, सोबत चार छोट्या क्लिप. (डीसीसी म्हणजे रुळांतूनच डिजिटल आज्ञा पाठवून इंजिन चालवायची पद्धत.) पैसे थेट हस्तांतराने मागितले, म्हणजे मध्ये कुणी पैसे अडवून धरणारं नाही. हातात पडलं ते असं: साधा ८ पिनचा, आवाज नसलेला डिकोडर (त्या आज्ञा वाचणारं इंजिनातलं छोटं सर्किट), स्पीकर नाही, एका आसावरचं गिअर चिरलेलं, एका चाकाचा रबरी टायर गायब, वरची बॉडी आतून गोंदाने चिकटवलेली, आणि धातूचा सांगाडा फुगून किंचित वाकलेला.

आधी व्हिडिओचं बघू, कारण फसगत तिथेच झाली. क्लिप सेकंदाला ६० फ्रेमवर शूट करून २५ वर ताणली की सगळं २.४ पट संथ दिसतं. यार्डातला खरा १० किमीचा वेग एचओमध्ये सेकंदाला जेमतेम ३.२ सेंमी होतो, म्हणजे मीटरभर रूळ ओलांडायला ३१ सेकंद. क्लिपमध्ये इंजिन त्याच संथ गतीने सरकत होतं. प्रत्यक्षात ते मीटरभर रूळ १३ सेकंदांत ओलांडत होतं, आणि त्याहून हळू करायला गेलं की जागीच थांबत होतं. आवाज नंतर चढवलेला. नीट ऐकलं असतं तर कळलं असतं: रुळांच्या सांध्यांवरचा खटखट आवाज कुठेच नाही, इंजिन कॅमेऱ्याजवळ येवो की लांब जावो, घरघर तेवढीच. शिवाय प्रत्येक क्लिप सात-आठ सेकंदांत कापलेली.

त्या चिरलेल्या गिअरचं दुखणं समजून घ्या, ते जुन्या इंजिनांत वारंवार भेटतं. प्लास्टिकचं गिअर आसावर घट्ट दाबून बसवलेलं असतं. वर्षानुवर्षं ताणाखाली राहून ते उभं चिरतं. चिरेपाशी दोन दातांमधली फट रुंदावते, आणि आसाच्या प्रत्येक फेऱ्याला एक 'टक्' येते. चाक १२ मिमी व्यासाचं असेल तर दर ३८ मिमीला हिसका. वेगात तो जाणवत नाही. पण रुळाच्या पातळीवर कॅमेरा ठेवून क्लोजअप घेतला की डोळ्यांत खुपतो. गोंद लावून काही होत नाही, गिअर बदलावंच लागतं. टायरही नवा मिळतो. तो नसला तर सपाटीवर फरक कळत नाही, चढावर डबे जोडले की चाकं जागच्या जागी फिरतात.

सांगाड्याला मात्र इलाज नाही. जस्ताच्या ओतकामात शिशासारखी अशुद्धी राहून गेली की धातू आतून कुजत, फुगत जातो. बारीक भेगा, वर उचललेली बॉडी, न बसणारे स्क्रू ही त्याची लक्षणं. खालच्या बाजूला स्टीलची पट्टी टेकवून काढलेला फोटो मागवा. पट्टीखालून उजेड दिसला तर व्यवहार तिथेच सोडा.

आता व्हिडिओ कसा मागायचा. एकच सलग, न कापलेला, निदान दोन मिनिटांचा. फ्रेममध्ये सेकंदकाटा असलेलं घड्याळ आणि रुळाशेजारी मोजपट्टी हवी, शिवाय तुम्ही ऐन वेळी सांगितलेला शब्द कागदावर लिहिलेला हवा. इंजिन पुढे, थांबा, मागे, दिवे चालू-बंद. हे सगळं कंट्रोलरवरचा हात दिसत असताना. साउंडची खात्री करायची तर आवाजाचा सीव्ही, म्हणजे डिकोडरमधली क्रमांक दिलेली सेटिंग, बदलून दाखवायला सांगा. ईएसयू या कंपनीच्या लोकसाउंड या साउंड डिकोडरमध्ये मुख्य आवाज सीव्ही ६३ वर असतो, झिमो या कंपनीच्या साउंड डिकोडरमध्ये २६६ वर. तो शून्य केला की इंजिन मुकं झालं पाहिजे, पुन्हा वाढवला की बोललं पाहिजे. नुसता सीव्ही ८, म्हणजे डिकोडर बनवणाऱ्या कंपनीचा आकडा, वाचून दाखवला तर त्यावर विसंबू नका: १५१ म्हणजे ईएसयू, १४५ म्हणजे झिमो, एवढंच कळतं, दोघांचेही बिनआवाजी डिकोडर तोच आकडा देतात.

पार्सल आल्यावर घाई नडते. लेबलपासून इंजिन बाहेर येईपर्यंत एकाच शॉटमध्ये शूट करा. बॉडी लगेच उघडू नका, नाहीतर 'तुम्हीच तोडलं' हे उत्तर तयार असतं. आधी मल्टिमीटर: एका आसाची दोन चाकं एकमेकांशी थेट जोडलेली दाखवत असतील तर ते तीन रुळांच्या पद्धतीचं इंजिन आहे आणि तुमच्या दोन रुळांवर शॉर्ट करेल. मग प्रोग्रॅमिंग ट्रॅक, म्हणजे डिकोडरच्या सेटिंग वाचायचा-बदलायचा वेगळा रूळ. तिथे करंट साधारण २५० मिलिअँपिअरवर अडवलेला असतो, त्यामुळे वायरिंगमध्ये घोळ असला तरी डिकोडर सहसा वाचतो. (काही साउंड डिकोडर इतक्या कमी करंटवर वाचून देत नाहीत, तेवढ्यावरून विक्रेत्याला चोर ठरवू नका.) त्यानंतर मुख्य रूळ. आजकालच्या मोटरचं एकटं इंजिन मोकळ्या रुळावर अर्धा अँपिअरच्या आत धावायला हवं.

पैसे अशा मार्गानेच द्या जिथे माल तपासेपर्यंत रक्कम अडकून राहते. विक्रेत्याच्या क्लिप मूळ फाइल म्हणूनच मागवा आणि उतरवून ठेवा. जाहिरात काढली की त्या जातात, आणि चॅटमधून आलेल्या आवृत्तीत मूळ फ्रेमचा वेग बऱ्याचदा उरतच नाही. तक्रारीत 'आवाज नाही' असं मोघम न लिहिता 'जाहिरातीत साउंड डिकोडर, प्रत्यक्षात ८ पिनचा साधा, स्पीकर नाही' असं लिहा, आणि बॉडी काढतानाचा सलग व्हिडिओ जोडा.