नऊ महिने कागदाचे प्राणी करताना: कुठला कागद टिकला, कुठला नाही

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत लेकीला कोणीतरी कागदी प्राण्यांचं एक खोकं भेट दिलं. आत आधीच कापलेले भाग, चिकटवायचे डोळे आणि दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप. दीड दिवसात सिंह, झेब्रा, जिराफ तयार झाले आणि खोकं रिकामं झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्यासमोर उभी, "आई, आता काय करू?" आठवड्याभरात जिराफाची मान पुढे लोंबायला लागली. तिने ती टेपने बांधली, पुन्हा लोंबली.

माझे सासरे, नाना, यांनी छत्तीस वर्षं पुण्यात एका छापखान्यात बाइंडिंगचं काम केलं. त्यांनी जिराफ हातात घेतला, मान दोन बोटांत धरून हलकेच वाकवून बघितली आणि म्हणाले, "आडव्या कागदाची कापलीय. ही वाकणारच." तिथून आमच्या घरात कागदाचे प्राणी खऱ्या अर्थाने सुरू झाले. आता ऑगस्ट आलाय. नऊ महिन्यांत आम्ही दीड-दोनशे प्राणी तरी केले असतील. पावसाळ्याचा बराचसा भागही आता मध्ये येऊन गेलाय, त्यामुळे काय टिकतं आणि काय नाही, हे थोड्या खात्रीने सांगू शकते.

आधी नानांच्या त्या वाक्याबद्दल. कुठलंही जुनं वर्तमानपत्र घ्या. वरून खाली फाडा, बऱ्यापैकी सरळ फाटतं. मग डावीकडून उजवीकडे फाडून बघा, वेडंवाकडं, दातेरी फाटतं. यंत्रावर कागद तयार होताना त्यातले धागे बहुतेक एकाच दिशेला पडतात, म्हणून असं होतं. त्या दिशेने कागद ताठ राहतो, आडव्या बाजूने लवकर लवतो. जिराफाची मान, हत्तीचे पाय, घोड्याचे पाय, जे काही उभं राहायला हवं ते धाग्याच्या दिशेत यायला हवं. नानांनी लेकीकडून चार वर्तमानपत्रं फाडून घेतली, तेव्हा तिला ते पटलं. मग तिने कार्डशीटचा तसाच जिराफ कापला, मान उभ्या धाग्याची. तो अजून फ्रिजवर उभा आहे.

पण इथेच एक अडचण येते आणि ती आम्हाला महिनाभराने कळली. मधोमध पाठीवर घडी घातलेला, चार पायांवर उभा राहणारा प्राणी केला, तर पाय उभे आणि पाठीची घडी आडवी. पायांसाठी धागे उभे घेतले की पाठीची घडी धागे मोडत जाते, जाड कागदाला तिथे चिरा पडतात आणि रंग उडून पांढरी रेघ दिसते. यावर नानांचा उपाय साधा होता. शाई संपलेलं बॉलपेन घ्यायचं, पट्टी ठेवायची आणि घडीच्या जागी दाबून एक रेघ ओढायची. शाई नको, नुसती खोबण. मग घडी त्या खोबणीतच बसते. तेव्हापासून आमच्याकडे संपलेली पेनं टाकत नाही, एका डब्यात जमवतो.

डिसेंबरपासून मात्र आम्ही कापणं-चिकटवणं जवळजवळ सोडलं आणि घड्यांकडे वळलो, म्हणजे ओरिगामीकडे. खोक्याशी तुलना केली तर मला सगळ्यात मोठा फरक इथेच वाटतो. खोक्यातला सिंह एकदाच करता येतो. घडीचा बेडूक तिला आता पाठ आहे. बसमध्ये, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत, लग्नात जेवणाची पंगत बसेपर्यंत, हातात आलेल्या कुठल्याही कागदाचा ती बेडूक करते.

चौरस कागद हवा म्हणून आम्ही पहिल्यांदा झेरॉक्सचे ए-४ कागद घेतले. २१० बाय २९७ मिलिमीटर. एक कोपरा तिरका दुमडून वरची ८७ मिलिमीटरची पट्टी कापली की २१ सेंटिमीटरचा चौरस मिळतो. त्याचे चार केले की साडेदहाचे चार. शिकायला ७५ जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाच्या, या कागदासारखा दुसरा नाही असं माझं मत आहे. स्वस्त आहे, घडी स्पष्ट पडते, दोन-तीनदा उलगडून पुन्हा घातली तरी तग धरतो. मात्र छोट्या चौरसाचा करकोचा करायला गेलात तर मान आणि चोच येतील तिथे इतके थर जमतात की टोक टोकदार होत नाही, गोळा होतो. करकोच्याला मोठा चौरस तरी घ्या किंवा पातळ कागद तरी.

घोटीव कागद आम्ही शाळेत हस्तव्यवसायाला वापरायचो, त्यामुळे मला त्याचं फार प्रेम होतं. रंग सुरेख, एक बाजू रंगीत आणि मागून पांढरा, म्हणजे कुत्र्याचे कान एका रंगाचे, नाक दुसऱ्या रंगाचं आपोआप मिळतं. पण वापरून वापरून माझं मत थोडं बदललं. घामेजल्या हाताला रंग लागतो. एकच घडी दोनदा घातली की वरचा लेप उडतो. चकचकीत बाजूला गोंद धरत नाही. सजावटीच्या माळेला, माशांना, फुलपाखरांना उत्तम. ज्याला पायांवर उभं राहायचंय त्याला नको.

एकदा हौसेने तयार १५ सेंटिमीटरच्या चौरसांचं पाकीट मागवलं. जपानमध्ये ओरिगामीचा कागद साधारण याच मापाचा मिळतो. आमच्या पाकिटातले बरेच चौरस खरे चौरस नव्हते, एक-दीड मिलिमीटर इकडे-तिकडे. एवढ्याने काय होतं असं वाटेल, पण करकोच्याच्या विसाव्या घडीपर्यंत तो फरक मानेत जाऊन बसतो आणि पक्षी एका अंगाला कलतो. पाकीट घेतलं की पहिल्या कागदाचे दोन्ही कर्ण दुमडून बघा. कोपऱ्यावर कोपरा तंतोतंत बसला तरच तो चौरस. आम्ही उरलेले कागद कापून सरळ करून घेतले आणि ते वापरले.

सगळ्यात अनपेक्षित कागद निघाला तो लग्नपत्रिकेचा. बाहेरचं जाड पान नाही, आतलं, मजकुराचं. उडी मारणाऱ्या बेडकाला असा कागद लागतो. लांबीच्या निम्मी रुंदी असलेला आयत घ्यायचा. बेडकाच्या पोटाखाली शेवटी जी दुहेरी घडी येते तीच त्याची स्प्रिंग. पातळ कागदाची स्प्रिंग दाबली की दबूनच राहते. पत्रिकेच्या कागदाची सपकन सुटते. आम्ही फरशीच्या सांध्यावर रेघ धरून मोजलं. घोटीव कागदाचा बेडूक जेमतेम वीतभर गेला, पत्रिकेचा दीड हात गेला आणि सोफ्याखाली शिरला. धागे बेडकाच्या लांबीच्या दिशेत असले तर उडी आणखी लांब जाते. हे लेकीने स्वतः शोधून काढलं. त्या दिवशी नानांनी तिच्या पाठीवर थाप मारली होती.

आता शिकण्याबद्दल. सुरुवातीला आम्ही व्हिडिओ लावायचो. व्हिडिओची अडचण अशी की आपले दोन्ही हात कागदात असतात आणि समोरचा पुढे निघून जातो. थांबव, मागे घे, पुन्हा थांबव. लेक वैतागायची. मग रेखाटनांवर आलो. तुटक रेघ म्हणजे घडी आतल्या बाजूला, तुटक रेघेत मध्ये टिंब म्हणजे घडी बाहेरच्या बाजूला, आणि बाण. एवढ्या खुणा कळल्या की कुठल्याही भाषेतलं रेखाटन वाचता येतं. खुणांच्या या पद्धतीचा पाया अकिरा योशिझावा या जपानी कलावंताने घातला, १९५४ च्या सुमारास. त्याआधी हे सगळं बहुतेक हातातून हातात शिकलं जायचं. नानांना मात्र या खुणा शिकाव्याच लागल्या नाहीत. मोठ्या कागदाला तीन घड्या घातल्या की सोळा पानांचा फर्मा, म्हणजे पुस्तकात शिवायचा एक गठ्ठा होतो, आणि कुठलं पान कुठे येणार हे त्यांना उलगडायच्या आधीच दिसतं. रेखाटनाकडे एकदा बघून त्यांनी सांगितलं, "हे टोक इथे आत जाणार." आणि गेलं.

त्यांची घडी घालायची रीत मी मुद्दाम लक्ष देऊन बघितली. आम्ही दोघी कड धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे घडी दाबत जायचो. ते आधी दोन्ही कोपरे जुळवतात, डाव्या हाताची दोन बोटं तिथे ठेवतात, मग उजव्या अंगठ्याने घडीच्या मध्यावर एकदाच टेकवतात, आणि मध्यापासून एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे नखाने ओढतात. कागद सरकायला वावच राहत नाही. कोपरे जुळले नसतील तर ते दाबतच नाहीत, उचलतात आणि पुन्हा जुळवतात. लेकीने ही सवय उचलली आणि महिनाभरात तिचे करकोचे कलायचे थांबले. माझी घडी अजूनही त्यांच्याइतकी काटेकोर पडत नाही.

मराठीत शिकायचं असेल तर आपल्याकडे चांगली वाट आधीच घालून दिलेली आहे. अरविंद गुप्ता यांनी पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत कितीतरी वर्षं टाकाऊ वस्तूंतून खेळणी केली, मुलांना शिकवली. त्यांच्या संकेतस्थळावर कागदकामाचीही भरपूर पुस्तकं फुकट आहेत. शेपूट ओढली की पंख फडफडवणारा पक्षी आम्ही त्यातूनच पक्का केला. आणि अनिल अवचटांनी ओरिगामीवर इतकं प्रेम केलं की आमच्या पिढीतल्या पुष्कळांना हा शब्दच त्यांच्यामुळे कळला. मलाही.

जूनमध्ये पाऊस आला आणि खरी परीक्षा झाली. कपाटाच्या उघड्या फळीवर ठेवलेल्या प्राण्यांनी हवेतलं पाणी घेतलं. कागदाचा धागा ओलसर झाला की लांबीला फारसा वाढत नाही, जाडीला फुगतो, म्हणून कागद एकाच दिशेला गुंडाळतो. घोटीव कागदाची फुलपाखरं आठवड्यात वळली. झेरॉक्स कागदाचे कुत्रे पाय फाकवून बसले. पत्रिकेचे बेडूक बरे राहिले, उडी मात्र निम्म्यावर आली.

आणि कसर. सुरुवातीला नानांच्या सवयीने काही प्राणी मैद्याच्या खळीने चिकटवले होते. जुलैत हत्ती उचलला तर पाठीला बारीक खरवडल्यासारखे चट्टे पडलेले आणि खालून चंदेरी किडा पळाला. बाइंडिंगमध्ये खळीत मोरचूद घालायचे ते याचसाठी. पण मोरचूद विषारी आहे आणि मुलांचे हात तोंडात जातात, त्यामुळे घरी ते अजिबात नको, असं नानांनीच ठणकावून सांगितलं. आता चिकटवायची वेळ आलीच तर पांढरा गोंद, तोही आगपेटीच्या काडीच्या टोकावर येईल एवढाच. जास्त लागला की पातळ कागदाला सुरकुत्या पडतात.

पावसाळ्यात एक गोष्ट मात्र फार छान जमली. शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची. तिथे सुती चिंध्यांपासून हाताने कागद करतात. तिथला जाडसर कागद आणला. नानांनी तो दोन्ही दिशांनी वाकवून बघितला आणि म्हणाले, "याला उभं-आडवं नाही. पाण्यात धागे कसेही पडतात ना." योशिझावांनी कागद किंचित ओला करून घड्या घालायची पद्धत काढली होती, ती आम्ही या कागदावर करून बघितली. ओल्या फडक्याने कागद दोन्ही बाजूंनी पुसायचा, चिंब नाही, नुसता गार लागेल इतका. मग जाड कागदसुद्धा चामड्यासारखा मऊ होतो. टोकदार घड्यांऐवजी गोलाई येते, गाल येतात, पोट येतं. आमच्या हत्तीची सोंड लेकीने पेन्सिलीवर गुंडाळून वळवली, कपड्यांचे चिमटे लावले आणि दोन दिवस पंख्याखाली ठेवला. उन्हाळ्यात हे एका दुपारी वाळलं असतं. पण वाळल्यावर तो असा कडक झाला की ठेवला तर टक्‌ आवाज येतो. जुलैच्या सगळ्या दमट हवेत तो जराही वाकला नाही.

विकत काय घ्यावं असं मैत्रिणी विचारतात. मी म्हणते, झेरॉक्सचा एक गठ्ठा, स्टीलची पट्टी, चांगला कटर, आणि घरातल्या जुन्या पत्रिका. कटर मोठ्यांनीच चालवायचा. पाच-सहा वर्षांच्या मुलाला कुत्र्याचं तोंड आणि मासा एका बसणीत जमतो. करकोचा सात-आठच्या आधी काढू नका, मध्येच अडलं की मूल रडवेलं होतं आणि पुन्हा कागदाला हात लावत नाही. आमच्याकडे असं एकदा झालं, त्यानंतर दोन आठवडे सुट्टी घ्यावी लागली.

घोडा आम्हाला अजून जमलेला नाही. चार पाय, मान, शेपूट सगळं एकाच चौरसातून, न कापता. दोनदा पाठीपर्यंत पोहोचलो आणि कागद फाटला.

सध्या टेबलावर खाकी कागद पसरलाय, वह्यांना कव्हर घालायचा. गणपती जवळ आलेत. लेकीला मखरापुढे एकवीस उंदीर हवे आहेत, घडीचे, कात्री न लावता. खाकी कागद पातळ आहे, चिवट आहे, घडी चुकली तरी दुसऱ्यांदा घालू देतो आणि रंग उंदराचाच. तेरा झालेत. शेपटीची शेवटची घडी नाना घालतात, कारण ती फार बारीक आहे, आणि लेक प्रत्येक उंदराच्या पोटाखाली त्याचा नंबर लिहिते.