स्टार ट्रेक एंटरप्राइझ, चारही सीझन बघून झाल्यावर: होशीला बाजूला बसवलं ते मला पटलेलं नाही

स्टार ट्रेक म्हणजे अंतराळातल्या गोष्टींच्या अमेरिकन सीरियल, एंटरप्राइझ त्यातलीच एक, त्यातलं सगळंच सांगत बसत नाही. २००१ ते २००५, चार सीझन, ९८ एपिसोड, गोष्ट २१५१ पासूनची, म्हणजे मूळ सीरियलमधल्या कॅप्टन कर्कच्या शंभरेक वर्षं आधीची. पावसाळ्याच्या तोंडावर सुरू केली ती चवथ (गणेश चतुर्थी) होऊन गेली तरी चालूच होती, आणि एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहायला घेतलं. होशी सातो, जहाजावरची भाषा जाणणारी पोरगी.

पहिला सीझन आठवा. माणसाला क्षणात दुसरीकडे पोचवणारा ट्रान्सपोर्टर आहे पण त्यात उभं राहायला कोणी राजी नाही, सगळे शटलपॉड म्हणजे छोटं यान घेऊन खाली उतरतात. जहाज वाचवणाऱ्या शिल्ड नाहीत, वस्तू ओढून घेणारा ट्रॅक्टर बीम नाही, सरळ केबलचा ग्रॅपलर मारून ओढायचं. आणि भाषांतराचं मशीन अर्धवट, म्हणून कॅप्टन आर्चर ब्राझीलला जातो, तिथे शिकवत असलेल्या होशीला क्लिंगॉन ह्या परक्या जमातीच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग ऐकवतो आणि तिला जहाजावर घेऊन येतो. प्रीक्वेलमध्ये, म्हणजे आधीच्या काळाच्या गोष्टीत, पुढे काय होणार ते आपल्याला आधीच माहीत असतं, फेडरेशन म्हणजे ग्रहांचा संघ होणारच, मग बघायचं कशासाठी? तर पुढे जे बटण दाबून होतं ते आत्ता माणसाला घाम गाळून करावं लागतं, ह्यासाठी. माझ्या मते ह्या सीरियलची सगळी ताकद तिथे आहे.

'फाइट ऑर फ्लाइट' बघा, अगदी सुरुवातीचा एपिसोड. परक्या जहाजावर लटकवलेली प्रेतं बघून होशी किंचाळते, परत जायचं म्हणते. आणि शेवटी ऍक्झनार कॅप्टनसमोर मशीन कच खातं तेव्हा तीच पोरगी स्वतः त्याच्याशी तोडकंमोडकं बोलते, अडखळते, परत बोलते, आणि सगळे वाचतात. मी तो सीन रिमोटने मागे घेऊन परत बघितला. होशी झालेल्या लिंडा पार्कने तिथे जे काम केलंय त्याचं कौतुक मी अजून कुठेच वाचलेलं नाही, सगळे आपले व्हल्कन जमातीच्या टीपॉलवर आणि इंजिनियर ट्रिपवर लिहितात.

आपल्याला गोव्यात हे पटकन कळतं. घरी कोंकणी, वाचायला मराठी, ऑफिसात इंग्लिश, आणि जमिनीचे जुने कागद काढले की पोर्तुगीज. आमच्या घराचे कागद मराठीत करून घ्यायला पणजीला गेलो होतो तेव्हा तिथले म्हातारे गृहस्थ नुसतं बघून लिहीत नव्हते, पायवाट कुठून जाते, बांवय म्हणजे विहीर कोणाच्या वाट्याची, हे बाबांना विचारून विचारून मग एक ओळ लिहायचे. बाबा चिडले पण तो कागद नंतर कामाला आला. भाषा बदलणारा माणूस किती जबाबदारी घेऊन बसलेला असतो ते मी तेव्हा बघितलंय, आणि टीव्हीवर अंतराळातल्या सीरियलमध्ये कोणीतरी हे काम मुख्य पात्राला दिलं ह्याचा मला खरंच आनंद झाला होता.

आणि मग दुसऱ्या सीझनपासून मशीन सुधारतं. परके येतात, दोन वाक्यं बोलतात, होशी पॅनलवर काहीतरी दाबते, तिसऱ्या वाक्याला सगळे इंग्लिश. मग होशीला काम काय? कॉल आलाय सांगायचं. पहिल्या सीझनमध्ये 'व्हॉक्स सोला' होता, चारचौघांत जेवतात म्हणून क्रीटासन लोक रागावून निघून जातात, आणि होशीला जहाजात शिरलेल्या जाळ्यासारख्या प्राण्याशी बोलायची वाट शोधावी लागते. त्या क्रीटासनांना दुसऱ्या सीझनला परत आणलं ते कशासाठी तर कुत्रा आजारी पडला म्हणून, अख्खा एपिसोड पोर्थोसवर. कुत्रा मलाही आवडतो पण हे चालत नाही. वर तो डीकॉन चेंबर, म्हणजे जंतू काढायची खोली, जेल चोळण्याचे सीन, घरात सगळ्यांसोबत बसून बघताना रिमोट हातात ठेवावा लागतो.

जहाज चालवणाऱ्या ट्रॅव्हिस मेवेदरचंही तेच. मालवाहू जहाजावर जन्मलेला, वाढलेला पोरगा, आमच्याकडे प्रत्येक वाड्यावर बोटीवर जाणारी माणसं आहेत, माझा भाऊच आहे, तेव्हा 'होरायझन' बघताना घरात सगळे गप्प होते. तो घरी पोचतो तर वडील आधीच गेलेले. असा एपिसोड ज्याला मिळाला त्याला बाकी वेळ फक्त स्टिअरिंगवर बसवून ठेवलंय.

दुसऱ्या सीझनमधलं 'माइनफील्ड' मात्र चुकवू नका, शस्त्रं सांभाळणारा रीड जहाजाच्या बाहेरच्या अंगाला सुरुंगाखाली अडकलेला आणि कॅप्टन त्याच्याशी गप्पा मारत एकेक तार सोडवतोय. पहिल्यातलं 'शटलपॉड वन' पण. दोन माणसं, थंडी, संपत चाललेली हवा, बस्स.

सुरुवातीच्या गाण्यावर सगळे तुटून पडतात. मला त्रास नाही. त्यातली चित्रं बघा, जुनी शिडाची जहाजं, वैमानिक अमेलिया इअरहार्ट, अपोलो. तिसऱ्या सीझनपासून त्याला जे ठेक्यात बसवलंय ते मात्र बंदच करायला लागतं.

इथपर्यंत दुसरा सीझन संपल्यावर लिहून ठेवलं होतं. मग डीव्हीडी प्लेअर बसला. भावाने बोटीवरून येताना आणलेला डिस्कचा बॉक्स, अमेरिकेतला, इथल्या साध्या प्लेअरवर न चालणारा, त्यामुळे सगळ्या रीजनच्या डिस्क घेणारा एकच प्लेअर घरात, आणि जुलैच्या दमट हवेत तो 'नो डिस्क' म्हणायला लागला. सर्व्हिस सेंटरवाल्याने न उघडताच सांगितलं बोर्ड गेलाय, आणि जो आकडा सांगितला त्यात नवीन येईल. तपासायचे पैसे वेगळे, ते मी दिले नाहीत, काउंटरवर चांगलीच वाजली. शेवटी म्हापशाच्या बाजारामागच्या एका मेकॅनिकने समोर खोलून लेन्स पुसली, आत ओल धरली होती, तेवढंच. आता प्लेअर कपाटात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या.

तर तिसरा सीझन. पृथ्वीवर हल्ला, सत्तर लाख माणसं मरतात, मग वर्षभर हल्ला करणाऱ्या झिंडींचा पाठलाग. पहिले काही एपिसोड बघून मी हे सोडूनच देणार होतो, आर्चर माणसांना एअरलॉकमध्ये कोंडतोय हे मला बघवत नव्हतं. पण मत बदललं, कारण शेवटाकडे होशी परत येते. शत्रूला शस्त्राचा कोड फोडायला भाषा जाणणारं डोकं लागतं म्हणून तिलाच पळवतात, तिच्या मेंदूत किडे सोडतात, आणि तशा हालातही ती त्यांचं काम बिघडवायला बघते. पहिल्या सीझनला प्रेत बघून किंचाळलेली तीच. मधले दोन सीझन तिला काही दिलं असतं तर हे किती भारी झालं असतं.

चौथा सीझन निर्माता मॅनी कोटोच्या हाताखालचा, आणि सगळ्यात चांगला. 'द फोर्ज'पासूनचे व्हल्कनवरचे तीन एपिसोड, मग अँडोरियन आणि टेलाराइट ह्या भांडणाऱ्या जमाती एका टेबलावर आणायची खटपट, जेफ्री कोम्ब्सने केलेला अँडोरियन कॅप्टन श्रान. पैसे वसूल. आणि नेमकी तेव्हाच, फेब्रुवारी २००५ ला, सीरियल बंद करत असल्याची घोषणा.

शेवटच्या एपिसोडबद्दल माझा राग अजून गेलेला नाही. गोष्ट चालू कुठे, तर दुसऱ्याच स्टार ट्रेक सीरियलच्या रायकरच्या होलोडेकवर, म्हणजे खोटी दृश्यं उभी करणाऱ्या खोलीत. ट्रिपला उगाच मारलंय. पण त्याहून वाईट म्हणजे आर्चर सगळ्या जमातींसमोर भाषणाला उभा राहतो, चार सीझन ह्याच क्षणासाठी बघितले, आणि त्याने तोंड उघडायच्या आत रायकर प्रोग्राम बंद करतो. ज्या लोकांना एकमेकांचं बोलणं कळत नव्हतं ते एका ठिकाणी बसलेत आणि तिथे काय बोललं गेलं ते आम्हाला ऐकवलंच नाही. त्याच्या आधीच्या 'टेरा प्राइम'मध्ये आर्चरचं भाषण आहे, पूर्ण आहे, ट्रिप जिवंत आहे. तिथेच डिस्क काढा.