वावर मोजायचं जीपीएस यंत्र घेताना आतली वडी पाहा

धुऱ्यावरून एक चक्कर मारली की एकर-गुंठे दाखवणारं जीपीएस यंत्र घ्यायचं असेल तर स्क्रीन न् रंग नंतर पाहा, आधी दुकानदाराला विचारा आतला ॲन्टेना किती मिलिमीटरचा हाय. आमच्या इकडं हार्वेस्टरवाले एकरावर पैसे लावतात न् मोजमापावरून दरवर्षी कटकट, म्हणून मी हे घेतलं. त्याच कंपनीचं स्वस्तातलं हलकं मॉडेल चुलतभावाकडं हाय, त्यामुळं दोन्ही एकाच वावरात फिरवून पाहता आले.

खोलून पाहिलं तर माझ्यात २५ मिलिमीटरची चौकोनी सिरॅमिकची वडी, हाच तो ॲन्टेना, वर चांदीचा मुलामा न् मधापासून जरा बाजूला सोल्डरचा ठिपका. चुलतभावाच्यात तीच वडी १८ ची. जीपीएसचा सिग्नल १५७५.४२ मेगाहर्ट्झचा, म्हणजे लाट १९ सेंटिमीटरची, आता असल्या चपट्या, म्हणजे पॅच ॲन्टेनाला अर्ध्या लाटेएवढी लांबी लागते, तो नुसत्या हवेवर बनवला तर साडेनऊ सेंटिमीटरचा होईल, पण खाली २० च्या आसपास डायइलेक्ट्रिकचं (हा आकडा जितका मोठा तितकी आतली लाट आखडते) सिरॅमिक घातलं की लाट साडेचार पट आखडते न् काम दोन-अडीच सेंटिमीटरात भागते. अजून बारीक करायचं तर अजून जास्त डायइलेक्ट्रिकचं सिरॅमिक लागतं, मग वजन घटते पण बँडविड्थ (ॲन्टेना पकडतो तो फ्रिक्वेन्सीचा पट्टा) अरुंद होते न् गेनही, म्हणजे सिग्नल पकडायची ताकदही, जाते. फुकट काही भेटत नाही बाप्पा.

उघड्या सोयाबीनच्या वावरात दोघांचं उत्तर जवळपास सारखंच आलं, तिथं छोट्याला नावं ठेवायला जागा नाही. खरा फरक चिंचेखालच्या धुऱ्यावर. तिथं माझ्या यंत्राची रेष जरा हलली, चुलतभावाची सरळ शेजाऱ्याच्या पराटीत शिरली! हार्वेस्टरवाला खूश, म्हणे "भाऊ, हेच यंत्र घ्या, याच्यात एकर वाढते."

उन्हाची काळजी मला जास्त होती, मे मध्ये आमच्याकडं पारा ४५ च्या वर जाते. पण या वड्यांचं सिरॅमिक असं निवडलेलं असते की तापलं तरी फ्रिक्वेन्सी फार सरकत नाही, तिथं अडचण आली नाही. स्क्रीन मात्र उन्हात काहीच दिसत नाही, टोपीची सावली धरून वाचा लागते. यंत्र खिशात ठेवून चालू नका, वडीचं तोंड आभाळाकडं पाहिजे, आंग आडवं आलं की सॅटेलाइट कमी होतात.

साध्या जीपीएसची चूक तीन ते पाच मीटरची, त्यामुळं दोन-चार एकराला ठीक, दहा गुंठ्याच्या तुकड्यात भरवसा नाही. धुऱ्याच्या भांडणात तर काढूच नका, त्याला भूमी अभिलेखची मोजणीच लागते.

पैसे थोडे जास्त गेले तरी २५ वालंच घ्या. चार्जिंगच्या छिद्रावरचं रबर दोन्हीचं फालतू, पहिल्याच हंगामात निघालं, आता चिकटपट्टी लावून चालवतो.