कोटेशनमधलं 'किंवा तत्सम'

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला तेव्हा इंटिरिअरचं सगळं काम एकाच माणसावर सोपवून मोकळं व्हायचं, असं आम्ही दोघांनी ठरवलं. सुताराच्या मागे कोण धावणार, इलेक्ट्रिशियनच्या मागे कोण? ज्याला काम दिलं तो बोलायला गोड. त्याची थ्रीडी चित्रं तर अशी, की खिडकीतून येणारं ऊनही खरं वाटावं. (आमच्या त्या खिडकीत ऊन येतच नाही. तेव्हाच खटकायला हवं होतं.)

कोटेशनमध्ये किचनच्या सगळ्या कॅबिनेट्सपुढे 'बीडब्ल्यूपी प्लाय किंवा तत्सम, १८ मिमी' असं लिहिलेलं. भेटीत त्याने प्लायचा वीतभर तुकडा हातात दिला. चांगला जड, कडेला थर मोजून घ्यावेत असे स्पष्ट. बीडब्ल्यूपी म्हणजे 'बॉइलिंग वॉटर प्रूफ', हा प्लाय ७२ तास पाण्यात उकळला तरी थर सुटत नाहीत, हेही त्यानेच समजावलं. 'तत्सम'बद्दल विचारलं तर म्हणाला, "अहो, ते आमच्या फॉरमॅटमध्येच असतं." आम्ही सही केली.

काम सगळं फॅक्टरीत. लॅमिनेट चढवलेले, कडांना पट्टी मारलेले बॉक्स थेट घरी आले. सुतार घरात काम करतो तेव्हा कटकट असते, धूळ असते, पण ८ बाय ४ फुटांचं शीट आपल्या दारातून आत येतं, त्यावरचा शिक्का दिसतो, कापलं की पोट दिसतं. इथे पोट झाकूनच सगळं आलं. आणि हप्ते? ऑर्डर देताना ५० टक्के, माल फॅक्टरीतून निघण्याआधी ४० टक्के. म्हणजे पहिला बॉक्स घरात यायच्या आत ९० टक्के पैसे त्याच्याकडे.

चौथ्या महिन्यात सिंकखालच्या दाराची खालची कड फुगली. पाठोपाठ वरच्या बिजागरीचा एक स्क्रू सुटून हातात आला, सोबत चिमूटभर भुसा. मी बिजागरीच काढली. तिची वाटी बसायला दारात ३५ मिमीचं भोक पाडतात. तिथे आत ना लॅमिनेट, ना पट्टी. मोबाइलचा टॉर्च मारला. थर नव्हतेच. लाकडाचा चुरा डिंकात कालवून दाबलेला. पार्टिकल बोर्ड. नखाने खरवडलं तर ओट्याखाली भुगा पडला.

फोन केला. आधी म्हणाला, "तुमच्याकडून पाणी सांडलं असेल." सिंकखाली नाही तर कुठे सांडणार पाणी? मग म्हणाला, "कोटेशन वाचा, तत्सम लिहिलंय." त्यानंतर फोन उचलणंच बंद.

त्या रागात टेप घेऊन सगळं घर मोजलं. ७ फूट रुंदीच्या वॉर्डरोबची उंची साडेसहा फूट, बिलात साडेसात. म्हणजे साडेपंचेचाळीसऐवजी साडेबावन्न चौरस फूट. सात चौरस फूट हवेचे पैसे आम्ही मोजले होते. काम चालू असताना हे कधीही मोजता आलं असतं, दहा मिनिटांचं काम. ते न करण्याचा दोष माझाच.

तुमचं काम अजून सुरू व्हायचं असेल तर कोटेशनमधून 'तत्सम' खोडून तिथे कंपनी आणि ग्रेड लिहून घ्या. कटिंगच्या दिवशी फॅक्टरीत जा. नंतर या म्हणाला तर हप्ताही नंतरच. बॉक्स बसवल्यावर कोणतीही एक बिजागरी, तुम्ही निवडाल ती, समोर उघडायला लावा आणि भोकात बघा. शेवटचा हप्ता १० टक्क्यांवर आणू देऊ नका. तेवढ्यासाठी कोणी परत येत नाही. आम्ही तर तेही कामाच्या शेवटच्या दिवशी, सोफ्यावर बसून हसत हसत दिले.

सिंकखालचा बॉक्स आता एका सुताराकडून नवा करून घेतलाय. बाकीचे तसेच आहेत. शेजारच्या दाराची खालची कड मी रोज सकाळी अंगठ्याने चाचपून बघतो.