परदेशी ख्रिस्ती संच की बालभारती? घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी

मागच्या महिन्यात उपासना संपल्यावर चर्चमधल्या एका तरुण जोडप्याने मला थांबवलं. "दादा, मुलीला घरीच शिकवायचं ठरतंय. तुम्ही तो अमेरिकेचा संच वापरत होता ना, मग सोडला का?" चर्चच्या फाटकात उभ्याउभ्या सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून लिहितो आहे. घरी शिकवावं की नाही, हा प्रश्न इथे घेत नाही. तो तुम्ही प्रार्थनेत आणि घरच्यांशी बोलून सोडवलेला असणार. मी त्यापुढचं सांगतो. शिकवायचं कशातून?

आमच्यासारख्या घरांपुढे साधारण दोन वाटा असतात. एक, परदेशात तयार झालेला ख्रिस्ती अभ्यासक्रमाचा संच. गणितापासून इतिहासापर्यंत सगळं त्यात असतं आणि पानोपानी बायबल असतं. दुसरी, बालभारतीची पुस्तकं घ्यायची, विश्वासाचं शिक्षण घरच्या उपासनेत आणि मराठी शास्त्रातून, म्हणजे बायबलमधून, द्यायचं आणि वेळ आली की मुक्त विद्यालयाची परीक्षा द्यायची. मोठ्या लेकीला घेऊन आम्ही पहिल्या वाटेने अडीच वर्षं चाललो. आता दुसऱ्या वाटेवर चौथं वर्ष चालू आहे आणि धाकट्याची सुरुवातच इथून झाली.

संचाचं चांगलं आधी सांगतो, कारण ते खरं आहे. माझी बायको नर्स आहे, तिच्या पाळ्या बदलत असतात. मी दुपारी कामाला बाहेर पडतो. अशा घराला संच फार सोयीचा पडतो. पातळ पुस्तिका, एक संपली की दुसरी. रोज किती पानं करायची ते मूल स्वतः ठरवतं, उत्तरपुस्तिका उघडून स्वतःच तपासतं, चुकलेलं पुन्हा सोडवतं. सहा वर्षांची मुलगी सकाळी उठून आपण होऊन टेबलाशी बसते, हे पाहून माझ्या सासूबाईंचाही विरोध मावळला होता. इंग्रजी वाचन भराभर सुधारलं. ही शिस्त तिच्यात अजून टिकून आहे आणि तिचं श्रेय मी संचालाच देतो.

खर्चाचं फार लिहीत नाही. संचाची किंमत डॉलरबरोबर वर जाते, बालभारतीच्या पीडीएफ फुकट मिळतात आणि छापील पुस्तकं आपल्या नागपुरात बर्डीवर कुठेही मिळतात. पण पैशासाठी आम्ही वाट बदलली नाही. पुस्तकांत बर्फ होता, डॉलर-सेंट होते, फूट-इंच होते, त्याचंही काही वाटलं नाही. मेमधल्या नागपुरात बसून बर्फाबद्दल वाचायला मुलांना उलट मजाच वाटते.

वाट बदलली ती एका रिकाम्या जागेमुळे.

त्या वर्षी मार्चमध्ये आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्याला पट्टी होती आणि वाचायची मनाई. आई रोज रात्री शास्त्र वाचल्याशिवाय झोपत नाही. मिशनच्या दवाखान्यात तीस वर्षं नोकरी करतानाही तिने हे सोडलं नव्हतं. त्या रात्री तिने नातीला हाक मारली. "माय, तेविसावं स्तोत्र म्हण." लेकीने संचातून पाठ झालेलं स्तोत्र जुन्या इंग्रजीत घडाघडा म्हटलं. मी स्वयंपाकघरात उभा राहून ऐकत होतो आणि माझा ऊर भरून आला होता. आई म्हणाली, "छान. आता मराठीत सांग." लेक जरा थांबली आणि म्हणाली, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. मला तो नको आहे."

आई उठून बसली. "काहून गं? काहून नको?"

"तसंच आहे पुस्तकात."

मी पुस्तिका काढून आणली. इंग्रजी ओळ होती, 'आय शॅल नॉट', आणि पुढे रिकामी जागा. लेकीने तिथे 'वाँट' लिहिलं होतं. शुद्ध, सुवाच्य. तिनेच उत्तरपुस्तिकेशी ताडून पाहिलं होतं आणि लाल पेनाने बरोबरची खूण केली होती. चाचणीत पूर्ण गुण होते. जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ 'कमी पडणं' असा होतो. तिला माहीत होता तो रोजचा अर्थ, 'हवं असणं'. मग 'नॉट वाँट' म्हणजे नको. आठ महिने माझी मुलगी रोज सकाळी देवासमोर 'तू मला नको' असं म्हणत होती आणि तिला दर वेळी बरोबरची खूण मिळत होती.

मी तिला विचारलं, "तुला हे विचित्र नाही वाटलं?" ती म्हणाली, "वाटलं होतं. पण उत्तर बरोबर आलं, म्हणून विचारलं नाही."

हे वाक्य मला आजही आठवतं. दोष इंग्रजीचा नाही. इंग्रजीतूनच शिकून समंजस झालेली कितीतरी ख्रिस्ती मुलं मी पाहिली आहेत. दोष पुस्तक लिहिणाऱ्यांचाही नसावा, त्यांच्या घरात तो अर्थ कोणीतरी जेवताना सांगतच असेल. आमच्या घरात मात्र प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये कोणीच उभं नव्हतं. उत्तर जुळलं की विषय संपायचा. तिथे मी उभा असायला हवा होतो आणि संचाने मला तिथून मोकळं केलं होतं. तेव्हा ते मला बरं वाटत होतं, हेही इथे लिहून ठेवतो. तुम्हालाही सुरुवातीला तसंच वाटेल.

दुसऱ्या दिवशी आम्ही तेच स्तोत्र मराठीतून घेतलं. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. मला काही उणे पडणार नाही.' गणितात तिचं 'पाच उणे दोन' चालू होतं. तिने लगेच विचारलं, "म्हणजे माझ्यातून काही वजा होणार नाही?" आई म्हणाली, "हो, तसंच." पुढच्या ओळीत तो हिरव्या कुरणात 'बसवतो'. हा शब्द तिला नोव्हेंबरमध्ये उमरेड रोडला उलगडला. खरिपाची पिकं निघाली की कच्छकडचे रबारी मेंढ्यांचे कळप आणि उंट घेऊन आपल्या भागात येतात. शेतकरी त्यांच्याकडून शेतात मेंढ्या बसवून घेतात. रात्रभर कळप रानात बसतो, लेंड्यांचं खत होतं आणि मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात. आम्ही गाडी थांबवली. संध्याकाळी एक म्हातारा मेंढपाळ कळप बसवत होता. लेक कितीतरी वेळ बघत राहिली. ओळ तिला आधीच पाठ होती, त्या दिवशी समजली.

पंडिता रमाबाईंनी शेवटच्या आजारपणापर्यंत बायबलच्या मराठी भाषांतराचं काम केलं आणि ते संपवूनच एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या. संस्कृतात त्या किती पारंगत होत्या हे सांगायला नकोच. तरी भाषांतर साधं, कमी शिकलेल्या बाईलाही कळेल असं व्हावं, हा त्यांचा आग्रह होता. त्या आग्रहामागचं कारण मला त्या मोतीबिंदूच्या रात्री समजलं.

आता बालभारतीच्या वाटेच्या अडचणी. या पुस्तकांत तुमचा विश्वास कुठेही नाही, तो तुम्हालाच आणावा लागतो. म्हणजे रोज रात्री तासभर तयारी. उद्याचा धडा वाचा, त्याला काय जोडायचं ते ठरवा. आम्ही दोघं दमलेलो असलो की ती तयारी होत नाही आणि दुसऱ्या दिवशीचा अभ्यास विस्कळीत होतो. विज्ञानाची पुस्तकं मला काही ठिकाणी फार धावती वाटली. आणि मराठीच्या पुस्तकात अभंग येतात, तेव्हा आमच्यातले काही पालक बिचकतात. मीही बिचकलो होतो. मग आठवले रेव्हरंड ना. वा. टिळक. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असं ते स्वतः सांगत. रविवारी आपण ज्यांची भजनं गातो त्या माणसाला तुकोबांची अडचण झाली नाही, तर आठ वर्षांच्या मुलीला का व्हावी? आता अभंग आला की आम्ही त्याच आठवड्यात टिळकांचं एखादं भजन घेतो आणि दोन्हींची चाल लावून बघतो. हा आमच्या घरातला सगळ्यात आवडता तास आहे.

दगडांबद्दल, म्हणजे पृथ्वीच्या वयाबद्दल, थोडं सविस्तर लिहितो, कारण तुम्हीही इथे अडखळणार. आमच्या संचात पृथ्वीचं वय काही हजार वर्षं होतं. तुमची श्रद्धा तशी असेल तर त्या बाबतीत संच तुम्हाला सोयीचा जाईल आणि मी वाद घालणार नाही. पण आपण नागपुरात राहतो. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये इथे मिशनरी म्हणून आले. सुवार्ता सांगता सांगता त्यांनी सीताबर्डीच्या टेकडीवर आणि टाकळीच्या परिसरात जीवाश्म गोळा केले, त्यांचं वर्णन लिहिलं आणि आपल्या भागाच्या भूगर्भशास्त्राचा पाया घातला. १८६३ मध्ये नदी ओलांडताना बुडून त्यांचा अंत झाला. हिस्लॉप कॉलेजचं नाव त्यांच्यावरूनच आहे. सीताबर्डीचा किल्ला वर्षातून मोजकेच दिवस लोकांसाठी उघडतो. एका १ मेला आम्ही मुलांना घेऊन वर चढलो. पायाखालचा काळा दगड साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे, हे मी सांगितलं आणि तिथेच बायबलमधल्या उत्पत्तीचा पहिला अध्याय वाचला, सहा दिवसांतल्या निर्मितीचा. लेकीने विचारलं, "मग देवाचा एक दिवस केवढा?" मी म्हणालो, मला माहीत नाही. संचात या प्रश्नालाही एक रिकामी जागा होती आणि तिचं उत्तर ठरलेलं होतं. मला 'माहीत नाही' हे उत्तर जास्त भक्तीचं वाटतं. शाळेतल्या मुलांचंही सगळं सुरळीत आहे असं नाही. केंद्राची पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग काढून टाकला, तेव्हा मी एक ख्रिस्ती बाप म्हणून आनंदी व्हावं अशी काहींची अपेक्षा होती. मला वाईट वाटलं. मुलांनी प्रश्नच ऐकला नाही, तर त्यावर विश्वासाने विचार तरी कसा करायचा?

चालू घडामोडींसाठी दोन्हीकडे पुस्तक पुरत नाही. पण बालभारती घेतली की त्या विषयाशी आपण निदान जोडलेले राहतो. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा, मुख्यतः हिंदी, आणण्याचा शासन निर्णय निघाला आणि जूनअखेर रद्द झाला, तेव्हा आमच्या जेवणाच्या वेळी आठवडाभर हाच विषय होता. नागपुरात हिंदी जिन्याखाली खेळतानाच येते, मग वाद कशाचा, हे मुलांना समजावताना मलाही नीट विचार करावा लागला. आता तर रिकाम्या जागा मोबाइलही क्षणात भरून देतो. त्यामुळे मुलाने काय भरलं यापेक्षा त्याला त्यातलं काय कळलं, हे विचारणारं माणूस घरात असणं जास्त गरजेचं झालं आहे.

प्रमाणपत्राचं थोडक्यात. आमच्या ओळखीतल्या संचवाल्या घरांनीही दहावीच्या वेळी शेवटी एनआयओएसच, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयच, धरलं. तिथे १४ वर्षं पूर्ण लागतात, किमान पाच विषय, वर्षातून दोनदा परीक्षा, आणि एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. मराठी विषय घेता येतो. राज्य मंडळाचाच पेपर द्यायचा असेल तर शाळेत न जाणाऱ्या मुलांसाठी १७ नंबरचा फॉर्म आहे, पण त्यात तारखा सांभाळाव्या लागतात. लेकीसाठी आम्ही एनआयओएस ठरवलं आहे. बालभारतीवरून तिकडे जाताना तिला भाषा बदलावी लागणार नाही, हा मला मोठा फायदा वाटतो.

तुम्ही दोघंही पूर्ण वेळ नोकरीवर असाल, घरात आजी-आजोबा नसतील आणि घरात एकमेकांशी इंग्रजीच बोलत असाल, तर संच तुम्हाला कदाचित आमच्यापेक्षा चांगला जमेल. फक्त रोज संध्याकाळी एक ओळ निवडा आणि मुलीला तिच्या शब्दांत सांगायला लावा, उत्तरपुस्तिका बंद ठेवून. घरात शास्त्र वाचणारी आजी असेल, तर मात्र मी दोनदा विचार करायला सांगेन.

संचातली इंग्रजी व्याकरणाची पुस्तिका आम्ही अजून वापरतो, तिच्यासारखं दुसरं काही मला सापडलं नाही. बाकीच्या कोऱ्या पुस्तिका कपाटात आहेत. रविवारी उपासनेनंतर घरी या, चाळून बघा. आई असतेच घरी. तुमच्या मुलीला आणलंत तर ती तिच्याकडून तेविसावं स्तोत्र म्हणून घेतल्याशिवाय सोडणार नाही.