मॅटप्लॉटलिबचे सबप्लॉट्स: चार उपविभागांचा पाऊस एकाच आकृतीत

भारतीय हवामान विभाग महाराष्ट्रातील पावसाची नोंद कोकण व गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ अशा चार उपविभागांत देतो. या चौघांचे जून ते सप्टेंबरचे आकडे शेजारी शेजारी मांडण्यासाठी मी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतील मॅटप्लॉटलिब ही आलेख काढणारी विनामूल्य लायब्ररी (तयार कोडचा संग्रह) वापरतो. जॉन हंटर यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या लायब्ररीवर माझा भरवसा आहे, पण अनेक आलेख एकत्र काढताना तिच्या काही मूळ सेटिंग्ज बदलल्यावाचून चालत नाही.

सुरुवात ‘सबप्लॉट्स’ या फंक्शनने करावी. ओळी आणि रकाने सांगितले की ते आकृती आणि तिच्यातील सर्व चौकटींचा (म्हणजे एकेका आलेखाच्या जागेचा) अ‍ॅरे, अर्थात क्रमवार संच, एकदमच हाती देते. जुन्या ‘सबप्लॉट’मध्ये प्रत्येक चौकट वेगळी मागावी लागते आणि तिची मोजणी १ पासून होते, तर अ‍ॅरेची ० पासून, दोन्ही पद्धती एका प्रोग्रॅममध्ये मिसळल्या की चुका ठरलेल्याच. शिवाय एकच ओळ मागितल्यास अ‍ॅरे एकमितीय होतो आणि दोन निर्देशांकांनी लिहिलेला कोड अडतो, म्हणून अशा अनावश्यक मिती काढून टाकणारा ‘स्क्वीझ’ हा पर्याय मी कायम बंद ठेवतो.

खरा प्रश्न उभ्या अक्षाचा आहे. काही न सांगितल्यास प्रत्येक चौकट आपल्या आकड्यांपुरती स्वतंत्र मोजपट्टी निवडते, त्यामुळे मराठवाड्याच्या पावसाचे स्तंभ कोकणाच्या स्तंभांइतकेच उंच दिसतात. वास्तविक कोकणातील पावसाळी सरासरी मराठवाड्याच्या चौपटीहून अधिक आहे. अक्षावरचे आकडे बरोबर असूनही चित्र दिशाभूल करते, आणि घाईत पाहणारा आकडे वाचत नाही. उभा अक्ष सामायिक करणारा ‘शेअरवाय’ हा पर्याय चालू केला की सगळ्या चौकटींची मोजपट्टी एक होते, आतल्या चौकटींवरचे अनावश्यक आकडेही गळतात, पण मग मराठवाड्याचे स्तंभ इतके बुटके होतात की कोरडे वर्ष आणि बरे वर्ष यांतला फरक डोळ्यांना जाणवतच नाही. यावर मला सापडलेला उत्तम उपाय म्हणजे ‘शेअरवाय’ला ‘रो’ (ओळ) हे मूल्य देणे: दोन ओळी आणि चार रकाने घेऊन वरच्या ओळीत मिलिमीटरमधील पाऊस आणि खालच्या ओळीत सरासरीपासूनचे टक्केवारीतील विचलन मांडले, तर प्रत्येक ओळीची मोजपट्टी आपापल्यापुरती समान राहते आणि कोकणाची विपुलता व मराठवाड्याची तूट दोन्ही प्रामाणिकपणे दिसतात. एवढी नेमकी सोय एका शब्दात मिळणे ही माझ्या मते या लायब्ररीची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. मात्र सामायिक अक्षावर एका चौकटीची मर्यादा किंवा खुणांची मांडणी बदलली की ती सगळ्या जोडलेल्या चौकटींत बदलते, हे ध्यानात ठेवावे.

आकृतीचा मूळ आकार ६.४ बाय ४.८ इंच असतो. आठ चौकटींना तो अपुरा पडतो, म्हणून मी १४ बाय ६ घेतो आणि ‘लेआउट’ला ‘कन्स्ट्रेन्ड’ सांगतो, म्हणजे शीर्षके आणि अक्षांची नावे एकमेकांवर चढत नाहीत. असमान आकाराच्या चौकटी हव्या असतील, तर ३.३ आवृत्तीपासून आलेले ‘सबप्लॉट_मोझेक’ अक्षरांच्या नकाशावरून मांडणी करते आणि प्रत्येक चौकट तिच्या नावाने हाती देते.

देवनागरीच्या बाबतीत मात्र निराशा होते. मी वापरत असलेल्या ३.९ आवृत्तीत योग्य फॉन्ट दिला तरी अक्षरजुळणी होत नाही: ‘विदर्भ’मधील ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या मागे जाते आणि रफार सुटा पडतो. जोडाक्षर किंवा ऱ्हस्व वेलांटी असलेल्या प्रत्येक शीर्षकात असा दोष दिसतो. म्हणून मी आकृती एसव्हीजी या ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या चित्र-फाइलच्या स्वरूपात जतन करतो आणि ‘एसव्हीजी.फॉन्टटाइप’ला ‘नन’ हे मूल्य देतो. त्यामुळे मजकूर रेषांत न बदलता मजकूर म्हणूनच राहतो आणि ब्राउझर तो शुद्ध जोडाक्षरांसह दाखवतो.