गुहागर, खालचा पाट: लहान मुलं बरोबर असतील तर तळमजल्याचीच खोली मागा

नाताळच्या सुट्टीत चार पोरं आणि सासूबाईंना घेऊन कोकणात जायचं, तर समुद्र किती जवळ आहे याच्या आधी विहीर किती जवळ आहे ते विचारावं लागतं. खालच्या पाटात आपल्या घरातल्या खोल्या पाहुण्यांना देणाऱ्या काकूंना मी फोनवर विचारलं. त्या म्हणाल्या, "विहिरीला लोखंडी जाळी आहे, जाळीला कुलूप आहे आणि किल्ली माझ्या कमरेला आहे." बुकिंग तिथल्या तिथे करून टाकलं.

कराडहून कुंभार्ली घाट उतरून, चिपळूण मागे टाकून दुपारी पोचलो. पुढे रस्ता, मागे नारळ-पोफळीचं आगर, आगराच्या टोकाला बेडं, म्हणजे फाटक, आणि बेड्यापलीकडे सुरूची झाडं नि समुद्र. बेड्याची कडी बाहेरच्या बाजूला आणि मोठ्या माणसाच्या छातीएवढी उंच. धाकटी दोन वर्षांची आहे, दोन मिनिटं डोळा चुकला की पसार. इथे तिने पहिल्याच दिवशी बेडं हलवून पाहिलं आणि नाद सोडला.

मला सगळ्यात पसंत पडलं ते न्हाणीघर. गॅस गीझर आत नाही, मागच्या पडवीत भिंतीवर आहे, आत फक्त नळ. मागे एका थंड हवेच्या ठिकाणी उतरलो होतो तिथे गीझर न्हाणीघरातच, आणि वारा लागू नये म्हणून झरोक्यात थर्माकोल कोंबलेला. गॅस गळला तर निदान वास येतो. बंद जागेत गीझर जळत राहिला की जो कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला ना वास ना रंग. पोर गुंगायला लागतं आणि आपल्याला वाटतं, गरम पाण्याने सुस्तावलं. थंडीत कुठेही जा, खोलीचे पडदे मागाहून बघा, आधी गीझर बघा.

अंगणात चपला काढू देत नाहीत, पडवीत फळी आहे तिच्यावर ठेवायच्या आणि सकाळी झटकून घालायच्या. चिऱ्यांच्या गडग्यात, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीत, विंचू असतात. काका घाबरवून सांगत नाहीत, पण सगळं सांगतात: ग्रामीण रुग्णालय कुठे, १०८ला फोन केल्यावर खूण कुठली सांगायची, आणि विंचू चावला तर मांत्रिक नको, थेट दवाखाना. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपाय दाखवून दिला, त्यामुळे पूर्वीसारखी पोरं दगावत नाहीत, हे त्यांनी असं सांगितलं की जणू घरचाच माणूस! सुपाऱ्या वाळत घातल्या होत्या त्याही पत्र्यावर, खाली नाहीत. आमच्या धाकटीला दिसेल ते तोंडात घालायची खोड, तेव्हा हे मला जेवणापेक्षा मोलाचं वाटलं. (जेवणही उत्तम. घावणे नि नारळाचा रस पोरांनी मागून मागून खाल्ला.)

आता समुद्र. काकांच्या ओटीवर पंचांग टांगलेलं आहे आणि ते भरतीचा हिशेब त्यावर करतात: तिथीची पाऊणपट. आम्ही गेलो तेव्हा षष्ठी होती, सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे साडेचारच्या सुमारास भरती पूर्ण आणि त्यानंतर सहा तास पाणी मागे. अष्टमीला सहा वाजता. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. ठिकाणाप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, पण पोरांना पाण्यातून कधी बाहेर काढायचं ते ठरवायला पुरतं. आपण शहरातले लोक ऊन उतरलं की पाचला पाण्यात शिरतो, आणि नेमकी तेव्हा ओहोटी लागलेली असते. पाणी चढतं असलं की लाट पोराला किनाऱ्याकडे लोटते, उतरतं असलं की पायाखालची वाळू काढून नेते. काका साडेचारला बेड्याशी येऊन उभे. "चला, गुडघ्याच्या वरचं पाणी संपलं आजचं." नणंदेचा मोठा तेरा वर्षांचा आहे, माझं एक ऐकत नाही, काकांचं निमूट ऐकलं.

तीनच्या उन्हात पोरं भाजून निघाली, ते मात्र खरं. टोप्या न्या.

पाण्यापेक्षा मला वाळूतच जास्त धास्ती वाटली. मनाई असली तरी सुट्टीत हौशी मंडळी गाड्या थेट किनाऱ्यावर घालतात, गोल गोल फिरवतात. किल्ला करायला बसलेलं पोर त्या उंच बॉनेटपुढे दिसतच नाही. आम्ही सुरूच्या बुंध्यापाशीच किल्ला केला. बनाना राइडच्या एका माणसाकडे जॅकेटं होती, पण सगळी मोठ्यांची. सहा वर्षांच्या भाच्याला घातलं आणि खांद्याला धरून वर उचललं, तर जॅकेट कानापर्यंत आलं. पाण्यातही तसंच वर येणार आणि पोर खाली निसटणार. तो म्हणाला, "ताई, घट्ट बांधतो ना." नको म्हटलं. भाचा तासभर रडला, रडू दे.

आता तक्रार. वरच्या मजल्याच्या गॅलरीचा कठडा आडव्या सळ्यांचा आहे. लहान पोराला ती शिडीच. त्यात खाली फरशी, आणि कठड्याला टेकवून ठेवलेली प्लॅस्टिकची खुर्ची. खुर्ची मी आत नेली, काकांना दाखवलं. मासे धरायचं जुनं जाळं बांधतो म्हणाले आणि संध्याकाळी बांधलंही, पण जाळं तात्पुरतं, तिथे उभ्या सळ्याच हव्यात. अंगणातला झोपाळाही घडवंचीच्या फार जवळ आहे, झोका मोठा झाला की गुडघा आपटतो.

खोलीचे रोजचे अडीच हजार, जेवण वेगळं, आणि रात्री साडेआठनंतर स्वयंपाकघर बंद. ३१ डिसेंबरला दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्यांना काकू जागा देत नाहीत, फोनवरच सांगतात. त्यामुळे खोल्या रिकाम्या राहत असतील असं वाटलं, पण पुढच्या नाताळचं विचारलं तर खालच्या दोन्ही आत्ताच गेल्यात. वरची मिळत होती. कठडा बदलल्याचा फोटो पाठवा, मग पैसे पाठवते, असं सांगून आलेय.